ट्रॅक्टर सरळ का चालत नाही?

वांद्रे स्टेशनच्या बाहेर उभे राहिलात तर तुम्हांला रिक्षांची लांबच लांब रांग दिसेल. येथून रिक्षा बोरिवलीला जाते, मुलुंडला जाते. पण माहीमच्या खाडीपलीकडे जाण्याची तिला परवानगी नाही. तो नियम आज आपला विषय नाही. तुम्ही फक्त रिक्षाच्या पुढच्या बाजूला नीट पाहा. तेथे एकच चाक आहे. चालक हँडल वळवतो आणि ते चाक वळते. त्याला शेजारी नाही, म्हणून शेजाऱ्याशी जुळवून घेण्याचा प्रश्नही नाही.

मोटार, टेम्पो आणि बहुतेक ट्रॅक्टर यांना पुढे दोन चाके असतात. ही दोन चाके एकाच दिशेला तोंड करून चालली तर गाडी सरळ जाते. एकाचे तोंड एकीकडे आणि दुसऱ्याचे दुसरीकडे झाले, तर चालकाला सारखे स्टिअरिंग धरून ओढावे लागते, टायर झिजतात आणि एखाद्या दिवशी अपघातही होतो. जुन्या गाड्यांमध्ये ही तक्रार फार आढळते. या पाठात आपण एका जुन्या, लहान ट्रॅक्टरच्या उदाहरणाने ही तक्रार समजून घेऊ. ट्रॅक्टर यासाठी निवडला, की त्याचे पुढचे भाग उघडे असतात. मोटारीखाली झोपावे लागते. ट्रॅक्टरपुढे नुसते उकिडवे बसले तरी सगळे दिसते.

तुम्ही म्हणाल, वांद्र्यात ट्रॅक्टर कोठे? खेळाची मोठी मैदाने आणि बागा असतात तेथे लहान ट्रॅक्टर कामाला असतो. गवत कापण्याचे यंत्र ओढणे, रोलर फिरवणे, मातीची ट्रॉली नेणे ही त्याची कामे. शिवाय मुंबईच्या उपनगरांचे आणि ट्रॅक्टरचे नाते जुने आहे. वांद्र्याहून बोरिवलीकडे जाणारी धीमी लोकल पकडलीत तर वाटेत कांदिवली लागते. १९६३ साली इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया ही कंपनी स्थापन झाली. महिंद्र आणि महिंद्र, व्होल्टास आणि परदेशातील इंटरनॅशनल हार्वेस्टर असे तिघे तिच्यात भागीदार होते. त्यांच्या कांदिवलीच्या कारखान्यात बी-२७५ नावाचा ट्रॅक्टर तयार होऊ लागला. पुढे ही कंपनी महिंद्रमध्ये विलीन झाली. आपण ज्याला खेड्यातले यंत्र समजतो, ते आपल्याच लोकल मार्गावर जन्माला येत होते.

आता चाके वळतात कशी ते पाहू. मुंबईत पूर्वी घोड्यांच्या व्हिक्टोरिया गाड्या होत्या. २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्या बेकायदा ठरवल्या. तुमच्या आजी-आजोबांना विचारा, ते त्यांत बसले असतील. व्हिक्टोरियाची पुढची दोन्ही चाके एकाच ॲक्सलवर असत आणि वळताना तो संपूर्ण ॲक्सलच मधल्या खिळीभोवती फिरत असे. घोडा वळला की ॲक्सल वळे. पुढची चाके लहान असत, ती यामुळेच. मोठी असती तर वळताना गाडीच्या अंगाला लागली असती. ही रीत सोपी खरी, पण तीव्र वळणावर गाडी कलंडण्याची भीती असे, कारण दोन्ही चाके एका बाजूला सरकून गाडीचा आधार कमी होई.

यावर जर्मनीतील म्युनिक शहराच्या लांकेनस्पर्गर नावाच्या गाड्या बनविणाऱ्या कारागिराने तोड काढली. ॲक्सल जागेवरच राहू द्यायचा आणि त्याच्या दोन टोकांना दोन चाके स्वतंत्रपणे वळतील असे करायचे. इंग्लंडमध्ये या कल्पनेचे पेटंट १८१८ साली त्याच्या वतीने रुडॉल्फ ॲकरमन यांनी घेतले. जगाने नाव मात्र ॲकरमन यांचेच लक्षात ठेवले! आजही या रचनेला ॲकरमनची रचना म्हणतात. कारागिराचे नाव मागे पडणे ही गोष्ट जुनीच आहे.

या रचनेतली खुबी पाहण्यासाठी एक खेळ करा. शाळेच्या पटांगणात खडूने मोठे वर्तुळ काढा. एका मुलाने वर्तुळावरून चालावे आणि दुसऱ्याने त्याचा हात धरून आतल्या बाजूने चालावे. दोघे बरोबरीने चालले तर आतल्या मुलाचे वर्तुळ लहान होते, म्हणून त्याला अधिक वळावे लागते. गाडीचेही तसेच आहे. वळणावर आतले चाक बाहेरच्या चाकापेक्षा जास्त वळले पाहिजे. यासाठी प्रत्येक चाकाच्या खुंटाला एक लोखंडी हात जोडलेला असतो आणि हे हात थोडे तिरपे ठेवलेले असतात. दोन्ही हातांना जोडणारी एक आडवी सळई असते. तिला टाय रॉड म्हणतात. या पाठातला हा सर्वांत महत्त्वाचा भाग. त्याचे नाव विसरू नका. चाकाचा खुंट ज्या उभ्या खिळीभोवती फिरतो तिला किंग पिन म्हणतात. खिळी आणि तिच्या घरामध्ये धातूचे एक नळकांडे बसवलेले असते, तो बुश. झीज बुशने सोसायची आणि महागडी खिळी वाचवायची, असा त्याचा उपयोग.

येथे भाषेची एक गोष्ट सांगतो. उर्दूत आपण ‘पहिया घिस गया’ म्हणतो. मराठीत ‘चाक झिजले’ असे म्हणतात. ‘चाक’ हा शब्द मराठीत नपुंसकलिंगी आहे: ते चाक, ती चाके. तुम्ही ‘तो चाक’ म्हणता आणि मग पुढचे सगळे वाक्य चुकते. ‘दुरुस्ती’ हा शब्द मात्र तुमच्या ओळखीचा आहे. ‘दुरुस्त’, ‘कारीगर’, ‘नमुना’ हे शब्द फारसीतून आले आणि मराठी गॅरेजात अगदी घरच्यासारखे राहिले. मराठीत ‘कारीगर’चा ‘कारागीर’ झाला, एवढेच.

आता मूळ तक्रारीकडे वळू. समजा, मैदानावरचा एक जुना ट्रॅक्टर एका बाजूला ओढतो आहे. चालक म्हणतो, “स्टिअरिंग अर्धा वळसा फिरवले तरी चाक हलतच नाही, आणि हलले की एकदम जाते.” गॅरेजातले लोक याला ‘प्ले आला’ असे म्हणतात. प्ले म्हणजे दोन भागांमधले ढिलेपण. नवा शागीर्द लगेच पाना घेऊन स्टिअरिंगच्या पेटीवरचा स्क्रू आवळायला धावतो. जाणता उस्ताद त्याचा हात धरतो. पेटी उगाच आवळली तर स्टिअरिंग जड होते, आतले दाते आणखी लवकर झिजतात, आणि ज्या भागात खरे ढिलेपण आहे तो भाग तसाच राहतो. उस्ताद प्रथम काय करतो? टायरमधली हवा मोजतो. एका टायरमध्ये हवा कमी असली तर ट्रॅक्टर त्या बाजूला ओढतो. कित्येकदा सगळा आजार एवढाच असतो आणि तो काही मिनिटांत, फुकटात बरा होतो.

हवा ठीक असेल तर पुढची तपासणी. मागच्या चाकांच्या पुढे-मागे लाकडी ठोकळे लावतात, म्हणजे ट्रॅक्टर सरकत नाही. मग पुढचा ॲक्सल जॅकने उचलून त्याखाली भक्कम घोडी ठेवतात. केवळ जॅकच्या भरवशावर कोणीही खाली हात किंवा डोके घालू नये. जॅक घसरला तर तो सांगून घसरत नाही. गॅरेजात काम करणाऱ्या भावांना तुम्ही हे जरूर सांगा; घाईच्या वेळी हा एकच नियम सर्वांत आधी मोडला जातो, आणि ज्याचा हात जातो त्याच्या घरातली कमाईही जाते.

चाक अधांतरी झाले की ते वर आणि खाली धरून हलवून पाहतात. खडखड झाली तर चाकाचे बेअरिंग किंवा किंग पिनचा बुश झिजला आहे. दोन्हींतला फरक डोळ्यांनी कळतो. चाक हलते आणि खुंट स्थिर राहतो, तेव्हा दोष बेअरिंगचा. खुंटही बरोबर हलतो, तेव्हा दोष बुशचा. यानंतर घोडी काढून चाके जमिनीवर टेकवतात. एक जण स्टिअरिंग किंचित डावीकडे, किंचित उजवीकडे असे हलवत राहतो आणि दुसरा पुढे बसून एकेक सांधा पाहतो. जेथे एक भाग हलतो पण त्याला जोडलेला दुसरा भाग उशिरा हलतो, तेथे ढिलेपण आहे. डोळ्यांना दिसले नाही तर सांध्यावर बोट ठेवावे. बोटाला ठक्‌ असे जाणवते. टाय रॉडच्या दोन टोकांना गोळीचे सांधे असतात. बहुतेक वेळा चोर तेथेच सापडतो.

ट्रॅक्टरच्या पुढच्या ॲक्सलची आणखी एक तऱ्हा आहे. तो मध्यभागी एका जाड पिनवर झोके घेतो. जमीन उंचसखल असली तरी चारही चाके टेकलेली राहावीत म्हणून ही सोय. या पिनेचे भोक झिजून मोठे झाले, की संपूर्ण ॲक्सलच पुढे-मागे डुलू लागतो. मग बाकी सगळे नवे घातले तरी ट्रॅक्टर सरळ चालत नाही.

काही लहान ट्रॅक्टरांत स्टिअरिंगच्या दांड्याला एक छोटे दातेरी चाक असते आणि ते एका पंख्याच्या आकाराच्या दातेरी पट्टीला फिरवते. या पट्टीचे मधले दाते आधी झिजतात, टोकाचे नव्यासारखे राहतात. असे का? थोडा विचार करा. ट्रॅक्टर दिवसातला बराच वेळ सरळच चालतो. तेव्हा मधलेच दाते कामाला असतात.

झिजलेला भाग सापडला की तो बदलायचा. जुन्या ट्रॅक्टरचे भाग दुकानात नेहमी मिळतात असे नाही. वांद्र्यापासून जवळच कुर्ल्याला सी.एस.टी. रोडवर गाड्यांच्या जुन्या सुट्या भागांची दुकाने आहेत. कारागीर तेथे नमुना हातात घेऊन फिरतात. बुश मिळाला नाही तर लेथवर तसाच नवा घडवून घेता येतो. टाय रॉडचा सांधा काढतानाही एक युक्ती आहे. त्याची खिळी निमुळती असते आणि वर्षानुवर्षांच्या गंजाने घट्ट बसलेली असते. अडाणी माणूस खिळीच्या आट्यांवरच हातोडा मारतो आणि आटे बसवून टाकतो. शहाणा माणूस नट थोडा सैल करून ठेवतो आणि ज्या लोखंडी हातात खिळी बसली आहे त्याच्या बाजूवर नेमका ठोका देतो. धक्क्याने पकड सुटते. नवा सांधा बसवला की नटातून आडवी पिन घालून तिची टोके वाकवायची. दोन-चार रुपयांची ही पिन राहून गेली, तर हादऱ्यांनी नट हळूहळू उलगडत जातो. एक दिवस टाय रॉड निखळतो, आणि चालत्या ट्रॅक्टरचे एक चाक मनाला येईल तिकडे वळते. मैदानावर मुले खेळत असतात, हे लक्षात घ्या.

टाय रॉड वाकलेला असला तर? झाडाच्या बुंध्याला किंवा दगडाला चाक आपटले की तो वाकतो. वाकलेली सळई म्हणजे आखूड झालेली सळई. म्हणून पूर्वी बरोबर असलेली चाके अचानक तिरपी दिसू लागली, तर आधी टाय रॉडकडे पाहावे.

एवढे झाल्यावर मोजमापाची वेळ येते. आधी मोजून उपयोग नसतो. ढिले सांधे आज एक माप देतील आणि उद्या दुसरे.

मोजमापासाठी लागते काय? खडू, मोजपट्टी आणि सपाट जमीन. चाके सरळ ठेवा. प्रत्येक पुढच्या टायरच्या पुढच्या बाजूला, चाकाच्या मध्याइतक्या उंचीवर, टायरच्या रुंदीच्या मधोमध खडूने खूण करा. या दोन खुणांमधले अंतर मोजून लिहून ठेवा. मग ट्रॅक्टर पुढे ढकला. चाक अर्धा फेरा फिरले की त्याच खुणा मागच्या बाजूला, तेवढ्याच उंचीवर येतील. आता पुन्हा त्यांच्यामधले अंतर मोजा. तुम्ही विचाराल, ट्रॅक्टर ढकलायचा कशाला? मागच्या बाजूला नव्या खुणा करून का मोजू नये? याचे कारण असे, की जुन्या चाकाची धाव थोडी वाकडी असू शकते. एकाच खुणेने दोन्ही मापे घेतली म्हणजे धावेचा वाकडेपणा मापात शिरत नाही. मला ही युक्ती फार आवडते. वाकड्या चाकाने सरळ माप घेण्याची ही रीत कोणी शोधली कोण जाणे, पण त्याचे डोके तल्लख होते.

समजा, मागचे अंतर १०१० मिलिमीटर आले आणि पुढचे १००६. म्हणजे चाके पुढच्या बाजूला ४ मिलिमीटरने जवळ आहेत. याला ‘टो-इन’ म्हणतात. माणूस पायांची बोटे आत वळवून उभा राहतो, तशी ही चाके उभी असतात. ट्रॅक्टरची चाके अशी किंचित आत ठेवतात, कारण चालताना जमीन पुढच्या चाकांना मागे रेटते आणि ती बाहेरच्या बाजूला उघडू पाहतात. उभी असताना थोडी आत, म्हणजे चालताना जवळजवळ समांतर. लहान ट्रॅक्टरला हा फरक थोड्या मिलिमीटरांचाच असतो. नेमका किती, ते त्या त्या ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तकात दिलेले असते. पुस्तक फेकून देऊ नये ते यासाठीच.

फरक जास्त झाला तर काय बिघडते? थोडे गणित करू. टायरचा व्यास ४०० मिलिमीटर धरा आणि पुढच्या-मागच्या अंतरांतला फरक २० मिलिमीटर. म्हणजे प्रत्येक चाकाच्या वाट्याला १० आले. ४०० मध्ये १०, म्हणजे ४० मध्ये १. आता ट्रॅक्टर १ किलोमीटर चालला, तर १००० मीटर भागिले ४०, म्हणजे २५ मीटर अंतर ते चाक नुसते आडवे घासत गेले! रबर तेथेच जाते, डिझेलही तेथेच जळते. टायरवर हात फिरवून पाहिले तर दोष ओळखता येतो. चाके फार आत वळलेली असली तर टायरच्या बाहेरच्या कडा आधी झिजतात. बाहेर वळलेली असली तर आतल्या कडा झिजतात.

माप दुरुस्त करायचे ते टाय रॉडची लांबी बदलून. त्याच्या दोन्ही टोकांचे अडकवणीचे नट सैल करायचे. पुष्कळ टाय रॉडमध्ये एका टोकाला उजवे आटे असतात आणि दुसऱ्याला डावे. मधली नळी एका दिशेला फिरवली की रॉड लांब होतो, उलट फिरवली की आखूड. काहींमध्ये दोन्ही टोकांना सारखेच आटे असतात, तेव्हा एक सांधा सोडवून फिरवावा लागतो. लांब करायचा की आखूड, येथे मोठमोठे गोंधळतात. तुम्ही आपले दोन्ही तळहात बाकावर उभे, समांतर ठेवा. बोटे पुढे, मनगटे मागे. हे तुमचे दोन चाक झाले. नव्हे, ही तुमची दोन चाके झाली! आता मनगटांमधले अंतर वाढवा. बोटे जवळ येतील. टाय रॉड ॲक्सलच्या मागे असेल तर असेच घडते: रॉड लांब केला की चाके पुढे जवळ येतात. टाय रॉड ॲक्सलच्या पुढे असेल तर उलट घडते.

रॉड थोडा फिरवला की लगेच मोजू नये. उभ्या जागी वळलेला टायर जमिनीला चिकटून ताणलेला असतो. ट्रॅक्टर काही मीटर पुढे ढकलून टायर मोकळा होऊ द्यावा आणि मग पुन्हा खडू, पुन्हा पट्टी. तीन-चार वेळा असे केले की माप बसते. नट घट्ट आवळले, सांध्यांना ग्रीस दिले, की चालक मोकळ्या मैदानावर अगदी हळू वेगाने ट्रॅक्टर सरळ चालवून पाहतो. गवतावर उमटलेल्या चाकांच्या रेषा मागे वळून पाहाव्यात. त्या रेषा खोटे बोलत नाहीत.

चाकाच्या उभेपणात दोष असेल, म्हणजे चाक वरून आत किंवा बाहेर कललेले दिसत असेल, तर टाय रॉड फिरवून काही होत नाही. साध्या ट्रॅक्टरमध्ये तो कल ॲक्सलच्या घडणीतच ठरलेला असतो. तो बिघडला तर बुश झिजला आहे, नाहीतर ॲक्सलच वाकला आहे. गवंड्याचा ओळंबा, ज्याला आपण उर्दूत साहूल म्हणतो, चाकाजवळ धरला की हा कल सहज दिसतो. वाकलेला ॲक्सल सरळ करणे हे रस्त्यावरच्या गॅरेजाचे काम नव्हे. तेथे उस्तादानेही “हे माझ्याने होणार नाही” असे म्हणावे, आणि चांगला उस्ताद तसे म्हणतोही.

तुमच्यापैकी काहींचे वडील किंवा भाऊ गाड्यांचे काम करीत असतील. त्यांचे काळे हात पाहून तुम्हांला संकोच वाटत असेल. त्यांना एकदा विचारा की टाय रॉडचे एक टोक डाव्या आट्यांचे का असते. दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार आणि ट्रॅक्टर दुरुस्तीचे अभ्यासक्रम असतात. तेथे हेच काम आकृत्या काढून आणि मापे लिहून शिकवतात. तेथे जाणाऱ्याला मराठी वाचता यावी लागते, कारण सूचना, अर्ज आणि कित्येक कारखान्यांतल्या पाट्या मराठीत असतात. आमच्या वर्गात हा पाठ घेण्याचे तेही एक कारण आहे.

स्वाध्याय

१. व्हिक्टोरियाची पुढची चाके लहान का असत?

२. एका ट्रॅक्टरच्या चाकांच्या खुणांमधले अंतर पुढे ९९८ मिलिमीटर आणि मागे ९९० मिलिमीटर आले. चाके आत वळली आहेत की बाहेर? टायरच्या कोणत्या कडा आधी झिजतील? टाय रॉड ॲक्सलच्या मागे असेल तर तो लांब करावा की आखूड?

३. ‘चाक’ हा शब्द वापरून एकवचनी व अनेकवचनी अशी दोन-दोन वाक्ये लिहा.

४. तुमच्या घराजवळच्या गॅरेजात जा. तेथील कारागिरांना विचारून पाच हत्यारांची नावे आणि त्यांचा उपयोग मराठीत लिहून आणा. कामाच्या वेळी त्यांना त्रास देऊ नका. दुपारी चहाच्या वेळी जा.